ट्रंकच्या तोंडापासून चार टास्क

शनिवार, ९ मार्च २०१९. सकाळचे आठ वाजून चाळीस मिनिटे. लॉरेल बेंड या जुन्या भातमळ्याच्या फाटकाशी तो बघायला आलेली तेवीस माणसे उभी होती. सेप्टिमस गेदर्सने ती दोनदा मोजली आणि हिरव्या वहीत आकडा लिहिला. तेविसात तो स्वतः एक आणि त्याची थोरली बहीण व्हर्मेल एक.

व्हर्मेल चौऱ्याऐंशी वर्षांची होती. या फाटकातून ती शेवटची बाहेर पडली ती १९५६ मध्ये. त्या वसंतात मळ्याच्या मालकाच्या मोठ्या घराच्या बागेत फुलांचा सोहळा होता. डोक्याला लाल फडके बांधून, गुलाम बाईचे सोंग घेऊन, पाहुण्यांना चहा देण्याचे काम तिला मिळाले होते. संध्याकाळी ते फडके तिने नदीत टाकले आणि पुन्हा इथे पाऊल ठेवणार नाही असे ठरवले. ते तिने त्रेसष्ट वर्षे पाळले. आज तिने आपणहून भावाला फोन करून सांगितले होते, गाडी काढ.

कारण सोमवार. सोमवारी सकाळी सात वाजता मागच्या उंचवट्यावर यंत्र येणार होते. तिथे पाहुण्यांच्या गाड्या उभ्या करण्यासाठी जमीन सपाट करायची होती, आणि त्यासाठी नारिंगी खुंट्या ठोकूनही झाल्या होत्या. या मळ्यावर राबून मेलेल्या गुलामांची दफनभूमी कुठे आहे हे कोणत्याही कागदावर नव्हते. गेदर्स कुटुंबाच्या तोंडी मात्र तिचा पत्ता होता. त्या पत्त्याप्रमाणे गेल्या वर्षी तीन खड्डे खणून झाले आणि हाती फक्त वाळू लागली. मळा सांभाळणाऱ्या विश्वस्तांनी जागा दाखवायला मुदत दिली होती ती आजची, दुपारी चारपर्यंतची.

तो पत्ता लिहून देणारा माणूस सेप्टिमस होता.

तो एकाहत्तर वर्षांचा होता. तंत्रशाळेत जमीन मोजणी शिकून त्याने चौतीस वर्षे दूर उत्तरेत रस्त्यांच्या खात्यात काढली होती. त्याची मोजणी चुकली असे खात्यात कधी कोणी म्हटले नव्हते. म्हणूनच ते तीन रिकामे खड्डे त्याला दातात अडकलेल्या कणासारखे वर्षभर सलत होते.

"कासवा, ती वही मिट," व्हर्मेल म्हणाली. "माणसं मोजायला आलायस का मेंढरं?"

कासव हे त्याचे टोपलीतले नाव. या नदीकाठी प्रत्येकाला दोन नावे असतात. एक चर्चच्या वहीतले आणि एक टोपलीतले. मूल टोपलीत निजलेले असताना पडते ते दुसरे, आणि माणूस हाकेला ओ देतो तो त्यालाच.

"टिटा, लोकांसमोर तरी सेप्टिमस म्हण," तो हळूच म्हणाला. थोरल्या बहिणीला इकडे टिटा म्हणतात. शाळेने शिकवलेल्या साऱ्या शुद्ध भाषेतूनही घरच्या बोलीतला तेवढा एक शब्द त्याच्याजवळ उरला होता.

"लोकांना काय, कासव दिसतंयच की," ती म्हणाली आणि पिशवीतून उकडलेल्या शेंगा काढल्या. त्याच पिशवीत वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक निळ्या काठाची ताटली होती. तिचे काय करायचे ते तिने सांगितले नव्हते. त्यानेही विचारले नव्हते, कारण त्याला ते ठाऊक होते.

फाटक उघडले. माहिती सांगायला स्वतः मळ्याची संचालिका ग्रेटा लॉसन आली होती. पंचेचाळिशीची, उन्हाने नाक सोललेली, मूळची दूरच्या मिशिगनची. भातशेतीच्या इतिहासावर तिने आयुष्य घातले होते. मोठ्या घराकडे तिने नुसता हात केला. "ते घर शेवटी बघू, वेळ उरला तर. आपण ज्यांनी ते बांधलं त्यांच्याकडे आधी जाऊ."

व्हर्मेलने शेंग चावणे थांबवले. "ही बाई बरी दिसते," ती भावाच्या कानाशी म्हणाली. "माझ्या वेळी लोक त्या घराचे पडदे बघायला यायचे."

गुलाम जिथे राहत त्या कोठड्यांच्या रांगेत व्हर्मेल सर्वांच्या मागून चालली. एका कोठडीच्या भिंतीवर नावांचा फलक होता. १८५७ साली मळ्याच्या मालकाने केलेल्या यादीतली एकशे अठरा नावे. पुढे वय, पुढे काम. व्हर्मेलने चष्मा लावला आणि बोट न लावता, बोटाने वाचल्यासारखी, एकेक ओळ वाचली. शेवटच्या ओळीपर्यंत पोचायला तिला वीस मिनिटे लागली. बाकीचे पुढे गेले तरी ग्रेटा तिच्यासाठी थांबून राहिली.

"कुणी सापडलं का, मिस व्हर्मेल?"

"बिना नाही यात. माझ्या आजीची आई. आजीला आम्ही नाना म्हणायचो, तिची ही आई. मंगळवारी जन्मली म्हणून बिना."

"बिना हे टोपलीतलं नाव असेल. मालकाच्या यादीत दुसरंच असणार. इथे पंधरा ते वीस वयाच्या सहा मुली आहेत. त्यांतली कोणती ते मला सांगता येत नाही."

"म्हणजे त्यानं तिला जन्मभर हाक मारली ती वेगळ्याच बाईला," व्हर्मेल म्हणाली. "बरं झालं. तिचं नाव तरी त्याच्या हाती लागलं नाही."

ग्रेटा हसली नाही. तिने ते वाक्य खिशातल्या कागदावर उतरवून घेतले.

तिथून मंडळी मोठ्या ओकपाशी आली. झाड तीनशे वर्षांचे असेल. फांद्यांवरून करडे शेवाळ दाढीसारखे लोंबत होते आणि बुंध्याला माणूस मावेल एवढी ढोली होती. सेप्टिमसने मान वळवून नदीकडे पाहायला सुरुवात केली. पुढे काय येणार हे तो जाणत होता.

"सगळंच आम्हांला सापडलेलं नाही, हेही सांगायला हवं," ग्रेटा म्हणाली. "इथे राबणारी माणसं कुठे पुरली ते आपल्याला माहीत नाही. एका कुटुंबाने पिढ्यान्‌पिढ्या जपलेली खूण आम्हांला दिली. त्या खुणेवरून आम्ही शोध घेतला. अजून तरी यश आलं नाही. खूण अशी आहे." तिने फाइलमधला कागद वाचला. "मोठ्या ओकच्या बुंध्यातील ढोलीपासून पूर्वेस चारशे वीस फूट."

"कोणाच्या बुंध्यातली?"

आवाज मागून आला होता. बावीस माना वळल्या.

"ओकच्या, मिस व्हर्मेल."

"ओक कुठनं आला मधेच? नानानं झाडाचं नावसुद्धा काढलं नव्हतं." ती भावाकडे वळली. "काय रे? काय लिहून दिलंस तू यांना?"

सेप्टिमसने हिरवी वही उघडली. "आई जाताना जे म्हणाली तेच, टिटा. ट्रंक म्हणाली. ट्रंक म्हणजे झाडाचा बुंधा. मळ्यावर बुंधा दिसेल असं एकच जुनं झाड आहे. आणि तोंड म्हणाली, तर त्याला ढोली आहे."

"म्हण बरं. आई म्हणाली तसं म्हण."

"तेच म्हणतोय."

"तुझं नको. तिचं म्हण."

तेवीस माणसांत, भर उन्हात, त्याला ते म्हणता येईना. तो चार वर्षांचा असताना कुटुंब नदी सोडून आत शहरात गेले होते; मोठी झालेली व्हर्मेल तेवढी नदीकाठी राहिली. तिथल्या शाळेत पहिल्याच आठवड्यात त्याच्या बोलण्यावर वर्ग हसला. बाईंनी त्याला फळ्यापाशी उभे करून एकच वाक्य चाळीस वेळा शुद्ध म्हणायला लावले होते. त्या दिवसापासून घरची बोली त्याने जिभेवरून खरवडून काढली. आईची खूण वहीत उतरवताना ती त्याने साफसूफ केली, ती कोणी हसू नये म्हणून. वाक्य नीटनेटके झाले आणि त्यातून जागा निघून गेली.

शेवटी व्हर्मेलच म्हणाली, मोठ्याने. "ट्रंकच्या तोंडापासनं चार टास्क, उगवतीकडं. झाडाला कधी तोंड असतं का, शहाण्या?"

ग्रेटाच्या हातातली फाइल खाली आली. "ट्रंक," ती म्हणाली. "तुम्ही ट्रंक म्हणालात?"

"मग काय! मी तिच्यावर बसून खेकडे धरलेत."

"मिस्टर गेदर्स," ग्रेटा अगदी शांतपणे म्हणाली, "इथे ट्रंक म्हणजे पाण्याचं दार. नदीचं पाणी भाताच्या खाचरात घ्यायचं, सोडायचं, ते लाकडी दार. पूर्वी पोखरलेलं झाडाचं खोड बांधात आडवं पुरत, म्हणून तो शब्द. हे मी आठवड्यातून पाच वेळा लोकांना सांगते. तुमच्या कागदात तो शब्द असता तर…"

"तर वर्षापूर्वीच सापडलं असतं," सेप्टिमसने पुरे केले.

व्हर्मेलचा आवाज एकदम खाली आला. "मला तू फोनवर एवढंच सांगितलंस, की खणलं, काही नाही. मला वाटलं, त्यांच्यावरनं नांगर फिरला. आठ दिवस मी रडले, कासवा. मला वाटलं, बिना गेली."

तो वळला. गाडीकडे गेला आणि शंभर फुटी पोलादी फीत, होकायंत्र आणि झेंड्यांचा जुडगा घेऊन आला. ती त्याची क्षमा मागण्याची रीत होती.

पाहुण्यांपैकी घर बघायला कोणी गेले नाही. सारी माणसे बांधावरून एका रांगेत चालू लागली. भरती ओसरत होती. काळ्या चिखलाचा वास नाकात भरला आणि व्हर्मेलने तो असा ओढून घेतला की जणू कोणी ओळखीचे भेटले. बांधाच्या वळणावर ट्रंक होती. लाकूड नवे होते, पण दर वेळी जुन्याच जागी बसवलेले. कुजले की तिथेच दुसरे, असे दोनशे वर्षे चाललेले.

"तोंड कुठलं? नदीकडचं की शेताकडचं?" सेप्टिमसने विचारले. आता तो स्वतःहून काहीच ठरवणार नव्हता.

"तोंडानं माणूस काय करतो? पितो. जिथनं पाणी पिते ते तोंड." तिने काठी नदीकडच्या टोकावर आपटली. "मी इथं बसायची. नाना म्हणायची, इथनं हलायचं नाही. मग ती समोर सूर्याकडं तोंड करून चालू लागायची. उजेडात दिसेनाशी व्हायची. परत यायची तेव्हा तिच्या झग्याचा घोळ भिजलेला असायचा."

"आणि टास्क? टास्क तर क्षेत्रफळ आहे. पाव एकर."

"टास्कला बाजू नसते का? एका माणसानं एका दिवसात खुरपायचा तुकडा. चारी बाजू सारख्या. नाना बाजूच मोजायची."

एकशे पाच फूट. इतके त्याला पाठ होते. एकशे पाच चोक चारशे वीस. आकडा पहिल्यापासून बरोबर होता, फक्त सुरुवात चुकीच्या ठिकाणाहून झाली होती.

त्याने होकायंत्र लावले, सुईचा दोष वजा केला आणि पूर्व धरली. फितीचे दुसरे टोक धरायला एक दाढीवाला पाहुणा पुढे आला. पाहुण्याची बायको झेंडे लावू लागली. एक टास्क. दोन. तिसऱ्यात पाइनची राई लागली. चौथ्याच्या शेवटी सेप्टिमस थांबला तो गाड्यांच्या चाकोरीवर. दोन्ही बाजूंना रेती. रेतीत जुन्या बाटलीचे एक झाकण.

ग्रेटाने घड्याळ पाहिले आणि लगेच हात मागे घेतला. सेप्टिमसने तरी ते पाहिलेच. पावणेबारा. डावीकडे, वीस पावलांवर, नारिंगी खुंट्यांची रांग सुरू होत होती.

"चौथा खड्डा," तो स्वतःशीच म्हणाला.

व्हर्मेल ट्रंकपाशीच बसून राहिली होती. तो तिच्याकडे परत चालत गेला. चारशे वीस फूट, रित्या हातांनी. तिने त्याच्या तोंडावरून ओळखले.

"कुठं गेला होतास?"

"पूर्वेला."

"पूर्वेला कोण म्हणालं?"

तो बांधाच्या गवतावर तिच्याशेजारी बसला. पुन्हा तेच केले होते त्याने. शब्द बदलला होता. आजीने होकायंत्र कधी पाहिले नव्हते. उगवती ही दिशा नव्हती. ती सकाळ होती, वर्षातली ठराविक.

"टिटा," तो म्हणाला, "नाना कधी जायची? कुठल्या दिवसात?"

"ईस्टर झाला की दुसऱ्या दिवशी. दरसाल. आपल्या परसातलं भात पेरायच्या आधी. आधी बिनाला सांगायचं, मग जमिनीला दाणा."

ईस्टर म्हणजे बहुतेक एप्रिल. एप्रिलच्या मध्याला इथला सूर्य नेमक्या पूर्वेला उगवत नाही. तो डावीकडे, उत्तरेकडे सरकलेला असतो. सेप्टिमसने वहीचे नवे पान काढले. अकरा-साडेअकरा अंश. चारशे वीस फुटांच्या शेवटी ते अंतर होते चौऱ्याऐंशी फूट. आकडेमोड त्याने दोनदा केली.

"चल," तो म्हणाला. "या वेळी तूही चल. तू पुढे."

"मला कुठं माहीत? मला हलायचं नाही म्हणून सांगितलेलं."

"आता परवानगी आहे."

ती काठी टेकून उठली. दाढीवाल्याने एक हात दिला, सेप्टिमसने दुसरा. बांध उतरून ते हळूहळू चालले आणि त्यांच्या मागून फीत जमिनीवरून सरसरत आली. मधल्या खोलगट भागात पाणी साचले होते. व्हर्मेलच्या झग्याचा घोळ भिजला. तिने खाली पाहिले. "बघ," ती म्हणाली. "इथंच."

तीन टास्क संपले. चौथ्याच्या निम्म्यावर पाइनखाली काटेरी झुडपांचे रान होते. नारिंगी खुंट्यांची रांग त्या रानाच्या कडेने जात होती. एक खुंटी तर आतच ठोकलेली. व्हर्मेलने काठीने फांदी बाजूला केली आणि एकदम थबकली.

"अगंबाई."

रानात तलवारीसारख्या टोकदार पानांची झुडपे उभी होती. एक नव्हे, ठिकठिकाणी. पानांचा रंग बाकीच्या रानापेक्षा निराळा, निळसर हिरवा. ती आपोआप आलेली नव्हती. कोणीतरी एकेक लावली होती.

"आमच्या अंगणातलं आहे हे," व्हर्मेल म्हणाली. "याचे कोंब नाना घेऊन जायची. मी विचारायची, कशाला? म्हणायची, राखण करायला."

सेप्टिमस गुडघ्यांवर बसला. चौतीस वर्षे जमीन पाहणाऱ्या डोळ्यांना ती जागा आता स्वच्छ वाचता येत होती. पालापाचोळ्याखाली लांबट खळगा, माणसाच्या लांबीचा, डोके मावळतीला आणि पाय उगवतीला, म्हणजे उठून बसले की सूर्य समोर. त्याच्या शेजारी तसाच दुसरा. त्याने हाताने पाला सारला. बोटांना पांढरा शंख लागला, तळहाताहून मोठा, निम्मा मातीत रुतलेला. त्याच्याजवळ एका कपाचा तळ आणि काचेच्या दिव्याचा तुकडा.

"कोणी आत येऊ नका," ग्रेटा मागून म्हणाली. "कोणीही काही उचलू नका, प्लीज." तिने आधी फोटो काढले, मग फोन. विश्वस्तांच्या अध्यक्षांना तिने आत्ताच्या आत्ता यायला सांगितले. मग राज्याच्या पुरातत्त्व कचेरीला. बोलता बोलताच तिने वाकून आत ठोकलेली ती नारिंगी खुंटी उपटली आणि काखेत धरली.

सेप्टिमसने कडेकडेने फिरून खळगे मोजले. डोळ्यांना दिसणारे अकरा. तेवढे झेंडे त्याच्याजवळ होते.

"यांतली बिना कोणती, टिटा?"

"मला काय माहीत? कासवा, सगळ्याच बिना आहेत असं समज." तिने वर्तमानपत्र सोडले. निळ्या काठाची ताटली नानाची होती. नाना शेवटचा घास जिच्यात जेवली ती. इकडे माणूस गेले की त्याची ताटली फोडून कबरीवर ठेवतात. साखळी तुटावी, मागून लगेच कोणी जाऊ नये, म्हणून. नाना गेली तेव्हा ही ताटली आईने फोडली नव्हती. माझ्या आईजवळ नेऊन फोड, असे नानाने सांगितले होते, आणि ते राहून गेले होते. एकोणसत्तर वर्षे.

ग्रेटाने होकारार्थी मान हलवली. ही परवानगी द्यायची आपण कोण, असा त्या हलवण्याचा अर्थ होता.

व्हर्मेलने ताटली भावाच्या हातात दिली. "फोड तू. पण आधी म्हण."

"काय?"

"पत्ता. तिला कळू दे, कोण आलंय ते. तुझ्या त्या शाळेच्या भाषेत बोललास तर तिला वाटेल कारकून आलाय."

पंचवीस पावलांवर एकवीस अनोळखी माणसे टोप्या काढून उभी होती. सेप्टिमसने घसा साफ केला. पहिला शब्द अडखळला. दुसरा त्याहून बरा निघाला.

"ट्रंकच्या तोंडापासनं," तो म्हणाला, "चार टास्क. उगवतीकडं."

कोणी हसले नाही. फक्त व्हर्मेल हसली, आणि रडतानाही हसतच राहिली. "आईसारखाच बोलतोस की रे. इतकी वर्षं कुठं लपवलं होतंस?"

त्याने ताटलीला दगडाचा एक हलका ठोका दिला. तिचे तीन तुकडे झाले. ते त्याने शंखाशेजारी ठेवले.

मग हिरवी वही उघडून गेल्या वर्षीचे पान काढले. तिथले नीटनेटके वाक्य त्याने खोडले नाही. त्याच्याखाली आईचे वाक्य लिहिले, जसे होते तसे, एक अक्षरही न सुधारता, आणि पुढे वेळ टाकली: एक वाजून दहा मिनिटे.

सोमवारी यंत्र आले नाही. गाड्यांची जागा नदीपासून दूर, पश्चिमेच्या माळावर हलवली. एप्रिलमध्ये ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी, पहाटे, व्हर्मेल पुन्हा आली. या वेळी तिच्याबरोबर नात्यातली एकतीस माणसे होती. जमिनीच्या आत पाहणारे उपकरण घेऊन पुरातत्त्व कचेरीची माणसे तिथे नऊ दिवस फिरली. त्यांचा अहवाल २२ मे रोजी आला. त्यात जागेच्या वर्णनापुढे सेप्टिमसच्या वहीतले वाक्य अवतरणात छापले होते. खाली आकडा होता.

कबरी : सत्तावन्न.